न झालेल्या कायद्याच्या मोटारी

इतिहासलेखनात घडलेल्या घटनांना जागा मिळते. न घडलेल्या घटनांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. एखादे विधेयक बारगळले, एखादी सरकारी योजना फायलीतच राहिली, की ती इतिहासाच्या हिशेबातून वजा झाली असे आपण गृहीत धरतो. १९६०च्या दशकात जपानमध्ये तयार झालेल्या दोन चिमुकल्या स्पोर्ट्‌स मोटारींची कथा या गृहीतकाला छेद देणारी आहे. होंडाची ‘एस’ मालिका आणि टोयोटाची ‘स्पोर्ट्‌स ८००’ या त्या दोन मोटारी. पहिलीच्या जन्मामागे संसदेत कधीच संमत न झालेला एक कायदा आहे, तर दुसरीच्या वंशवृक्षाच्या मुळाशी अधिकृतपणे कधीच स्वीकारली न गेलेली एक योजना. मोटारींच्या हौशी अभ्यासकांनी दोन्ही गाड्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. पण त्यांचे कौतुक बहुधा यंत्र म्हणून होते. दस्तऐवज म्हणूनही त्या वाचता येतात आणि तशा वाचल्या तर ‘उत्क्रांती’ या शब्दाविषयीच काही प्रश्न उभे राहतात.

प्रारंभ १९५५ पासून करावा लागेल. त्या वर्षी जपानच्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयात ‘लोकांची मोटार’ या कल्पनेचा एक आराखडा तयार झाला आणि तो वृत्तपत्रांतून बाहेर फुटला. ताशी १०० किलोमीटर वेग गाठणारी, एका लिटर पेट्रोलमध्ये ३० किलोमीटर धावणारी आणि अडीच लाख येनच्या आत मिळणारी मोटार जपानी कारखानदारांनी बनवावी, अशी त्यातील अपेक्षा. त्या काळी ती जवळजवळ स्वप्नवत होती. कारखानदारांनी नापसंती दर्शवली आणि आराखडा अधिकृत धोरण होऊ शकला नाही. पण त्यातले आकडे अभियंत्यांच्या मनात राहिले. टोयोटाने त्या दिशेने काम चालू ठेवले आणि १९६१च्या जूनमध्ये ६९७ सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाची ‘पब्लिका’ बाजारात आणली. तिची किंमत ३,८९,००० येन होती, म्हणजे आराखड्यातल्या आकड्याच्या कितीतरी पुढे. तरीही ती त्याच कागदाची संतती होती.

नेमक्या याच सुमारास मंत्रालयाने दुसरा कागद तयार केला. परदेशी मोटारींच्या आयातीवरील निर्बंध उठवणे जपानला फार काळ टाळता येणार नव्हते. प्रवासी मोटारींची आयात पुढे ऑक्टोबर १९६५ मध्ये खुली झालीच. अमेरिकेच्या अवाढव्य कंपन्यांपुढे आपले लहान लहान, विखुरलेले कारखाने टिकतील कसे, ही मंत्रालयाची चिंता होती आणि ती निराधार नव्हती. १९६१ मध्ये जे धोरण पुढे आले, त्यात मोटारउद्योगाची गटांत विभागणी सुचवली होती: मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारे, विशेष प्रकारच्या गाड्या बनवणारे आणि अगदी छोट्या गाड्या बनवणारे. गट ठरले की नव्या कंपनीला दार बंद. यातूनच पुढे ‘निवडक उद्योगांच्या उत्तेजनार्थ’ म्हणून एक विधेयक आकाराला आले. परवाना-पद्धतीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, अशा मराठी वाचकाला हे तर्कशास्त्र अपरिचित वाटणार नाही. स्पर्धा म्हणजे अपव्यय, आणि कोणी काय बनवावे हे दूरदृष्टीच्या अधिकाऱ्याने ठरवावे, असा त्याचा गाभा.

होंडा कंपनीपुढे यामुळे विलक्षण पेच उभा राहिला. १९४८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी एव्हाना मोटारसायकलच्या जगात अग्रभागी पोहोचली होती. १९६१ मध्ये आईल ऑफ मॅन बेटावरच्या प्रख्यात शर्यतीत माइक हेलवुडने होंडावर बसून १२५ आणि २५० सीसी हे दोन्ही गट जिंकले होते. पण चार चाकांची एकही गाडी होंडाने विकलेली नव्हती. कायदा होईल त्या दिवशी ‘आम्ही मोटारी बनवतो’ असे दाखवायला हातात काही नसेल, तर मोटार बनवण्याचा हक्कच संपण्याची भीती होती. संस्थापक सोइचिरो होंडा यांनी या धोरणाला उघड विरोध केला. मात्र विरोधावर विसंबून न राहता गाडी तयार करण्याची घाईही केली. १९६२च्या आरंभी संशोधन विभागाला आदेश मिळाला की एक छोटी स्पोर्ट्‌स मोटार आणि एक छोटा ट्रक काही महिन्यांत उभा करायचा आहे.

त्या काळच्या जपानी नियमांत ‘केई’ नावाचा एक वर्ग होता (तो आजही आहे). लांबी तीन मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० सीसी या मर्यादेत गाडी बसली की कर आणि परवान्याच्या सवलती मिळत. होंडाची पहिली मोटार, ‘एस ३६०’, या चौकटीत तंतोतंत बसवलेली होती. जून १९६२ मध्ये सुझुका येथे होंडाच्या विक्रेत्यांचा मेळावा भरला, तेव्हा तिथल्या शर्यतीच्या मार्गाचे काम अजून चालूच होते. त्या अर्धवट मार्गावर सोइचिरो होंडा यांनी स्वतः ही गाडी चालवून दाखवली. मोटारीच्या विकासाची जबाबदारी योशिओ नाकामुरा यांच्याकडे होती. युद्धकाळात ते नाकाजिमा या विमान कंपनीत इंजिनांचे अभियंते होते. पराभवानंतर जपानला विमाने बनवण्यास १९५२ पर्यंत बंदी होती आणि त्या उद्योगातली कितीतरी बुद्धी मोटारींकडे वळली. ही बाब पुढे पुन्हा येईल.

एक लहानसा पण बोलका प्रसंग रंगाचा आहे. होंडांना गाडी लाल रंगात हवी होती. जपानमध्ये तेव्हा लाल रंग अग्निशमन दलाच्या आणि पांढरा पोलिसांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला होता. खासगी मोटारीला तो वापरता येत नसे. होंडांनी वृत्तपत्रातून प्रश्न उपस्थित केला की रंगावर सरकारची मालकी कशी असू शकते. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी परिवहन मंत्रालयाचे उंबरठे झिजवले आणि अखेर परवानगी मिळवली. मोटारीच्या इतिहासात हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. पण कोणी कोणती गाडी बनवावी आणि तिचा रंग कोणता असावा, हे दोन्ही प्रश्न एकाच मनोवृत्तीतून निघालेले आहेत, हे त्यात निसटून जाते.

ऑक्टोबर १९६२च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ‘एस ३६०’ आणि तिची थोरली बहीण ‘एस ५००’ प्रथमच लोकांसमोर आल्या. त्याच प्रदर्शनात टोयोटाच्या बाजूला ‘पब्लिका स्पोर्ट्‌स’ नावाचा एक प्रयोग ठेवलेला होता. या गाडीला दरवाजेच नव्हते. लढाऊ विमानाप्रमाणे तिचे छप्पर मागे सरकत असे आणि माणूस वरून आत उतरत असे. हा काही केवळ प्रदर्शनी चमत्कार नव्हता. ‘पब्लिका’चे प्रमुख अभियंता तात्सुओ हासेगावा युद्धकाळात ताचिकावा कंपनीत विमानांचे रचनाकार होते आणि अति उंचीवर लढणाऱ्या ‘की ९४’ या विमानाची आखणी त्यांनी केली होती. अशा रीतीने एकाच छताखाली दोन फायलींची अपत्ये समोरासमोर आली. एकीच्या मागे १९५५चा आराखडा होता, दुसरीच्या मागे १९६१चे धोरण, आणि दोघींच्या मागे विमाने बनवू न शकणारी माणसे होती.

‘एस ३६०’ विक्रीला कधीच आली नाही. केईची चौकट ओलांडून गाडी लांब-रुंद केली गेली, इंजिन ५३१ सीसीपर्यंत वाढवले गेले आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘एस ५००’ बाजारात उतरली. तत्पूर्वी त्याच वर्षी होंडाने वृत्तपत्रांतून लोकांना आवाहन केले होते की या गाडीची किंमत किती असेल ते ओळखा. ५७ लाखांहून अधिक उत्तरे आली. जाहीर झालेली किंमत ४,५९,००० येन होती. ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांनी मोटार स्वतःच्या दारात पाहिलेली नव्हती, तिथे इतक्या लोकांनी पत्र पाठवणे हे विकत घेण्याचे लक्षण नव्हे; इच्छा करण्याचे आहे. जपानचा पहिला द्रुतगती मार्ग, मेइशिन, त्याच वर्षी जुलैमध्ये अंशतः खुला झाला होता आणि पुढच्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक भरणार होते.

आता यंत्राकडे वळू. कारण घाईचा खरा पुरावा तिथेच आहे. होंडाला मोटारसायकल येत होती, मोटार येत नव्हती. तेव्हा त्यांनी जी मोटार बनवली ती मोटारसायकलच्या व्याकरणात बनवली. चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कार्ब्युरेटर, झडपांसाठी वरच्या बाजूला दोन कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट रोलर बेअरिंगवर फिरणारा. इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर ४४ अश्वशक्ती देई. साधारण मोटारीची इंजिने त्या काळी याच्या कितीतरी आधी धापा टाकत. त्याहून नवल मागच्या चाकांचे. डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेले आणि तिथून प्रत्येक मागच्या चाकापर्यंत शक्ती जाई ती तेलात बुडालेल्या चेनने. चेनचे पोलादी खोकेच चाकाला आधार देणाऱ्या दांड्याचे काम करी. त्यामुळे मागे स्टेपनीला जागा मिळाली आणि दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र वर-खाली होऊ लागली. पण जोराने वेग घेतला की गाडीचा मागचा भाग खाली दबण्याऐवजी वर उचलला जाई. मोटारीच्या सवयीच्या चालकाला हे चमत्कारिक वाटे.

याच घराण्याचे ३५४ सीसीचे, ३० अश्वशक्तीचे इंजिन होंडाने आपल्या छोट्या ट्रकमध्ये बसवले. ‘टी ३६०’ हा ट्रक ऑगस्ट १९६३ मध्ये, म्हणजे स्पोर्ट्‌स मोटारीच्याही दोन महिने आधी विक्रीला आला. होंडाची पहिली चारचाकी म्हणून त्याचाच मान आहे. सामान वाहणाऱ्या ट्रकला शर्यतीच्या जातीचे इंजिन! याचे कौतुक बहुधा धाडस म्हणून होते. पण कायद्याच्या आधी दोन प्रकारच्या गाड्या दाखवायच्या आहेत आणि हाताशी एकच इंजिन आहे, हे ध्यानात घेतले तर त्यात धाडसाइतकीच निकडही दिसते.

‘एस ५००’ फार काळ टिकली नाही. तिच्या तेराशे-चौदाशेच गाड्या बनल्या. मार्च १९६४ मध्येच ६०६ सीसी आणि ५७ अश्वशक्तीची ‘एस ६००’ आली. एखादे पुस्तक छपाईहून आल्याबरोबर लेखकाने सुधारित आवृत्ती हाती घ्यावी, तसे हे होते. हिचे इंजिन मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांपर्यंत नेता येई आणि वेग ताशी १४५ किलोमीटरपर्यंत जाई. १९६५ मध्ये तिची बंद टपाची कूपे आवृत्तीही निघाली. सर्व मिळून सुमारे १३,००० गाड्या बनल्या. सप्टेंबर १९६४ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या ५०० किलोमीटर शर्यतीत डेनी हुल्मने ‘एस ६००’ चालवून एक लिटरखालचा गट जिंकला. त्याच मार्गावर महिन्याभरापूर्वी होंडाने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले होते आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिंथरने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. दोन वर्षांपूर्वी ज्या कंपनीला मोटार बनवू द्यावी की नाही हा प्रश्न होता, तिचे हे वर्तमान.

टोयोटाचे उत्तर एप्रिल १९६५ मध्ये आले. सरकते छप्पर गेले, साधे दरवाजे आले. पण डोक्यावरचा टपाचा तुकडा काढून डिकीत ठेवता येई. इंजिन ‘पब्लिका’चेच, ७९० सीसीपर्यंत वाढवलेले: दोन सिलिंडर, ४५ अश्वशक्ती. होंडापुढे हे अगदीच किरकोळ. परंतु गाडीचे वजन होते ५८० किलो, होंडाहून शंभर किलोंनी कमी, आणि अंगकाठी वाऱ्याला वाट देणारी. परिणाम असा की बारा अश्वशक्ती कमी असूनही तिचा वेग ताशी १५५ किलोमीटर, होंडापेक्षा अधिक होता. दोन अभियंत्यांच्या शिक्षणातला फरकच इथे समोर येतो. इंजिनांच्या अभियंत्याने इंजिनातून शक्ती पिळून काढली. विमानाचा सांगाडा आखणाऱ्याने वजन आणि वारा यांचा हिशेब मांडला.

१८ जुलै १९६५ रोजी टोकियोजवळच्या फुनाबाशी येथील शर्यतीत हा वाद रस्त्यावर आला. तेत्सु इकुझावा ‘एस ६००’वर होते, तोजिरो उकिया ‘स्पोर्ट्‌स ८००’वर. सुरुवातीलाच दोघांची टक्कर झाली, उकियांना दुरुस्तीसाठी थांबावे लागले आणि ते सोळाव्या क्रमांकावर फेकले गेले. तिथून एकेक गाडी मागे टाकत त्यांनी शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात सुझुका येथे सराव करताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला; वय २३ वर्षे. जपानी मोटारशर्यतीच्या आठवणींत त्यांचे नाव अजून घेतले जाते. जानेवारी १९६६ मध्ये सुझुकाच्या ५०० किलोमीटर शर्यतीत शिहोमी होसोया यांनी ‘स्पोर्ट्‌स ८००’ पेट्रोलसाठी एकदाही न थांबता पळवली आणि जिंकली. एका लिटरमध्ये ३० किलोमीटर मागणाऱ्या १९५५च्या त्या बासनातल्या कागदाची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

होंडाच्या मालिकेची शेवटची आवृत्ती ‘एस ८००’ १९६६च्या आरंभी आली. ७९१ सीसी, ७० अश्वशक्ती, वेग ताशी १६० किलोमीटर. आरंभीच्या शेकडो गाड्यांना चेन होती. मग त्याच वर्षी ती काढून टाकली गेली आणि इतर मोटारींसारखा सरळ आस बसवला गेला. परदेशात विकायच्या मोटारीत मोटारसायकलची चेन सांभाळणे ग्राहकाला आणि मेकॅनिकला सोयीचे नव्हते. तांत्रिक दृष्टीने पाहिले तर गंमत अशी की एकमेकांपासून स्वतंत्र असलेली मागची चाके जाऊन जुन्या पद्धतीचा अखंड आस आला. ‘उत्क्रांती’ या शब्दात आपण नेहमी साध्याकडून गुंतागुंतीकडे, जुन्याकडून नव्याकडे जाणारी वाट गृहीत धरतो. इथे शेवटची आवृत्ती पहिलीपेक्षा अधिक रुळलेली, अधिक विश्वासार्ह आणि रचनेपुरती अधिक जुनी आहे. पहिल्या आवृत्तीतले नावीन्य हे बऱ्याच अंशी अज्ञानाचे आणि घाईचे होते. होंडाला मोटार जसजशी येऊ लागली, तसतशी त्यांची मोटार इतरांसारखी होऊ लागली.

दरम्यान ज्या कायद्याने ही सारी धावपळ घडवली, त्याचे काय झाले? १९६३ मध्ये विधेयक संसदेपुढे आले; पुन्हा मांडले गेले; मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. बँकांना आणि उद्योगसमूहांना त्यात अधिकाऱ्यांचे वर्चस्व दिसत होते, आणि राजकीय पक्षांना त्यासाठी भांडण्याची इच्छा नव्हती. १९६४ मध्ये ते कायमचे बारगळले. त्याचे मुख्य पुरस्कर्ते शिगेरु साहाशी हे मंत्रालयातील अधिकारी. चाल्मर्स जॉन्सन यांच्या १९८२च्या जपानी औद्योगिक धोरणावरील ग्रंथात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. साहित्याच्या अभ्यासकांना अधिक रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे साबुरो शिरोयामा या कादंबरीकाराने १९७५ मध्ये त्यांच्यावर बेतलेला नायक घेऊन एक कादंबरी लिहिली. ‘नोकरशहांचा उन्हाळा’ असा तिच्या शीर्षकाचा अर्थ होईल. राष्ट्रहितासाठी झपाटलेला, हट्टी, आणि शेवटी काळाने मागे टाकलेला माणूस असा तो नायक आहे.

म्हणजे एकाच प्रसंगाच्या दोन कथा जपानी समाजात रूढ झाल्या. कंपनीच्या कथेत कल्पक उद्योजक आडमुठ्या नोकरशाहीवर मात करतो. कादंबरीत दूरदर्शी अधिकारी संकुचित हितसंबंधांपुढे हरतो. दोन्हींना नायक हवा आहे. पुरावा मात्र दोघांनाही पूर्ण साथ देत नाही. मंत्रालयाची चिंता अनाठायी नव्हती. कायदा झाला नाही तरी ऑगस्ट १९६६ मध्ये प्रिन्स ही मोटार कंपनी निस्सानमध्ये विलीन झालीच. आणि नव्या कंपनीला दार बंद करणे ही मंत्रालयाची मोठीच चूक ठरली असती, हे होंडाच्या पुढच्या इतिहासाने दाखवले. पण होंडाची घाई, ती चेन, तो शर्यतीच्या इंजिनाचा ट्रक, हे सारे मंत्रालयाच्या धाकावाचून असेच घडले असते असे म्हणता येत नाही. होंडा मोटारउद्योगात आज ना उद्या उतरलीच असती. कधी आणि कोणत्या रूपात, हे मात्र न झालेल्या कायद्याने ठरवले.

दोन्ही मोटारींचा शेवट शांतपणे झाला. ‘स्पोर्ट्‌स ८००’चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले, सुमारे ३,१०० गाड्या बनल्या होत्या. ‘एस ८००’ मे १९७० मध्ये बंद झाली. तिची संख्या साडेअकरा हजारांच्या आसपास. त्यांना स्पर्धेने हरवले असे नाही. हासेगावांच्याच हाताखाली १९६६ मध्ये ‘कोरोला’ तयार झाली, आणि १९६७ मध्ये होंडाने ३१ अश्वशक्तीची, ३,१३,००० येन किमतीची ‘एन ३६०’ ही कुटुंबाची मोटार विक्रीला आणली. किंमत ओळखायला ज्यांनी पत्रे पाठवली होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात जी मोटार प्रत्यक्ष येऊ शकत होती, ती ही. १९५५च्या आराखड्यातली ‘लोकांची मोटार’ अशी उशिरा आणि वेगळ्या रूपात रस्त्यावर आली. स्पोर्ट्‌स मोटारी मधल्या काळात इच्छा जागती ठेवून निघून गेल्या.

२०१३च्या टोकियो मोटार प्रदर्शनात होंडाने ‘एस ३६०’ पुन्हा बांधून मांडली. १९६२ची मूळ गाडी उरलेली नव्हती. तिच्या शेजारी ‘एस ६६०’ नावाच्या नव्या छोट्या स्पोर्ट्‌स मोटारीचा नमुना होता. ती २०१५ मध्ये विक्रीला आली आणि २०२२ मध्ये तिचेही उत्पादन थांबले. हरवलेल्या पोथीची संहिता उपलब्ध पाठांवरून सिद्ध करावी, तशी ही ‘एस ३६०’ सिद्ध केलेली आहे. मालिकेतली जी गाडी कधी विकलीच गेली नाही, ती कंपनीला स्मारक म्हणून निवडावीशी वाटली. केईच्या चौकटीत नेमकी बसणारी, कायद्याच्या सर्वांत जवळ असलेली प्रत तीच होती.